डब्याकडचं टोक

व्होल्टकाका आयुष्यात एकदाच कोणाला तरी "माझं चुकलं" म्हणाले होते, आणि तेही एका टेबलफॅनला. माणसांना असलं काही सांगायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, किंवा आली असली तरी त्यांनी ती शिताफीनं चुकवली होती. तीस वर्षं त्यांनी स्टॅबिलायझर, बॅटरीचे चार्जर आणि रेडिओचे पॉवर सप्लाय दुरुस्त केले. त्यांचं खरं नाव गल्लीनं कधीच गुंडाळून ठेवलं होतं. दुकान बंद करून चार वर्षं झाली, तरी कोणाच्या घरी दिवा मिचमिचला की पहिली हाक व्होल्टकाकांना जायची आणि दुसरी वीज कंपनीला.

काम मात्र देखणं होतं, हे त्यांच्या शत्रूंनाही कबूल करावं लागे. त्यांनी बसवलेली वायर कधी लोंबायची नाही. मेण लावलेल्या दोऱ्यानं बोटाबोटाच्या अंतरावर गाठी मारत, कोपऱ्यावर काटकोनात वळवत ते वायरींची घट्ट वेणी घालायचे. दुरुस्तीला आलेल्या यंत्रात दुसऱ्या कोणाचा गुंता दिसला की आधी शिव्या घालायचे आणि मग हात घालायचे. आणि एकदा बांधलेली वेणी ते पुन्हा सोडत नसत. खोकं बदला, ट्रान्सफॉर्मर बदला, वायरींची बांधणी तीच राहायची. "प्लग बसतो ना? मग वायर त्याच जागेची," हा त्यांचा कायदा. त्यांच्या काळातल्या यंत्रांनी तो इमानेइतबारे पाळलाही होता.

त्यांची एकुलती एक लेक पस्तिशीची होती. घरात तिला ठकू म्हणत. ती न बांधलेल्या इमारती दाखवायची. आर्किटेक्टनं नकाशा दिला की ही कॉम्प्युटरवर अख्खी इमारत अशी उभी करायची, की बघणाऱ्यानं दारातून आत शिरावं, जिना चढावा, खिडकीतून बाहेर डोकवावं. नऊ वर्षं तिनं हे काम एका सरांच्या ऑफिसात केलं, आणि सहा महिन्यांपूर्वी राजीनामा देऊन घरी आली. म्हणाली, आता स्वतःच्या जोरावर करीन. काकांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

"ठरलेल्या तारखेला येणारा पगार म्हणजे स्टॅबिलायझर असतो, ठकू."

"बाबा, मी फ्रीज नाहीये," ठकू म्हणाली.

मग तिनं घरीच कॉम्प्युटर जुळवायला घेतला. एकेक भाग निवडून, वाचून, चौकशी करून आणत होती. बैठकीच्या खोलीतलं टेबल तिनं बळकावलं. काका येता-जाता नाक मुरडत आणि कोणी बघत नाहीसं पाहून खोक्यांवरचा बारीक मजकूर वाचत. एक दिवस स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोचा आवाज त्यांनी ऐकला. "तेवढा पॉवर सप्लाय तरी बाबांना निवडू दे गं. माणूस दिवसभर नुसता बसून असतो." त्या घरात ओरडलेलं एक वेळ ऐकू येत नसे, पण कुजबुजलेलं हमखास यायचं. काकांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त आनंद झाला, आणि या आनंदाची त्यांना जरा लाजही वाटली.

दुकानात जाऊन त्यांनी पॉवर सप्लायचे डबे कलिंगडं घ्यावीत तसे एकेक करून हातात तोलले. सगळ्यात जड, साडेपाचशे वॅटचा, तो घेतला. जड म्हणजे आत तांबं, आणि तांबं म्हणजे भरवसा. घरी आणून बसवला आणि त्याच्या वायरींची अशी काही वेणी घातली की ठकूनं तिचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. काका आठवडाभर हवेत होते.

चार महिने डबा नीट चालला. मग ठकूला शाळेचं काम आलं. एका मोठ्या शाळेची नवी इमारत व्हायची होती आणि आर्किटेक्टला समितीपुढे ती आतून-बाहेरून फिरवून दाखवायची होती. शुक्रवारी अकरा वाजता. समितीला पटलं तर पुढच्या दोन वर्षांचं, वसतिगृहापासून प्रयोगशाळेपर्यंत सगळं काम ठकूचं. नाही पटलं तर तिच्या हातात दुसरं काही नव्हतं. सहा महिन्यांत एवढं एकच धड काम तिच्या दारात आलं होतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्यासाठी तिनं नवं, दांडगं ग्राफिक्स कार्ड घेतलं. आणि कॉम्प्युटर रुसायला लागला. शेवटचं चित्र तयार होताना, ऐन मध्यावर, ना आवाज ना सूचना, फट्‌दिशी बंद. ठकूनं कागद घेतला, कार्डाला किती वॅट, प्रोसेसरला किती, पंखे, डिस्क, सगळं लिहून काढलं आणि कागद बाबांपुढे ठेवला.

"हे बघा. एरवी तुमचा डबा पुरतो. पण हे कार्ड क्षणभरासाठी एकदम दुप्पट ओढतं. त्या झटक्याला तो टिकत नाही. साडेआठशेचा तरी हवा."

"साडेपाचशे वॅटमध्ये मी अख्खं दुकान चालवलं."

"दुकानात ग्राफिक्स कार्ड नव्हतं, बाबा."

तीन दिवस तिनं वाचन केलं. कुठला डबा झटक्याला किती टिकतो, तापला की काय करतो, कोणी कोणी मोजून पाहिलंय. मग एक निवडला. सोमवारी तो घरी आला. काकांनी हातात घेतला, वर-खाली केला आणि तोंड कडू केलं.

"हलका आहे."

"आतली रचनाच वेगळी असते आता. वजनावरून नाही कळत."

"तांब्याला पर्याय नसतो, ठकू."

"बाबा, तुमच्या वेळी..." एवढं म्हणून ती थांबली. तिनं वाक्य पुरं केलं असतं तर काका भांडले असते. अर्ध्यावर सोडलेल्या वाक्याशी भांडता येत नाही. ते तसंच गिळून गॅलरीत जाऊन बसले.

मंगळवारी ठकू आर्किटेक्टला भेटायला गेली. जाताना सांगून गेली, "संध्याकाळी आल्यावर मी बसवते डबा. काम झालंच आहे, फक्त शेवटचं चित्र काढायचं राहिलंय." सगळं काम दोन मोठ्या डिस्कवर होतं. रोज संध्याकाळी ती एकीवरचं दुसरीवर उतरवून ठेवायची, म्हणजे एक गेली तरी दुसरी हाताशी. एवढ्या जड फायली इंटरनेटवर चढवायच्या म्हणजे त्यांच्या घरच्या लाइनीला आठवडा लागला असता.

काका घरात एकटेच होते. बायको बहिणीकडे गेली होती. सकाळभर त्यांनी लेकीवर मनातल्या मनात राग काढला आणि दुपारी तो संपला. आपलं पोर चार दिवस नीट झोपलेलं नाही, आणि आपण वजनं कसली तोलत बसलोय, असं त्यांना वाटलं. ती यायच्या आत डबा बसवून ठेवू, तेवढाच तिचा तासभर वाचेल, आणि तोंडानं काही न बोलता भांडणही मिटेल. हे सगळं त्यांच्या मनात खरोखर असंच होतं. त्यात खोट नव्हती.

त्यांनी कॅबिनेट उघडलं, जुना डबा काढला, नवा सरकवला. मुख्य वायरी डब्यातूनच निघत होत्या, त्या जागच्या जागी बसल्या. डिस्कची वायर तेवढी सुटी होती, दोन्ही टोकांना प्लग असलेली. त्यांच्या वेणीतली जुनी वायर पत्र्यामागून काटकोनात वळून दोन्ही डिस्कपर्यंत गेलेली होती. तिचं डब्याकडचं टोक मोकळं झालं होतं. नव्या डब्याला तसंच सहा पिनांचं भोक होतं. काकांनी प्लग लावला. टक् करून बसला. कायदा पाळला गेला. नव्या डब्याबरोबरची नवी वायर खोक्यात तिच्या बंद पिशवीतच राहिली. चांगली बांधलेली वेणी कोण सोडतो?

ठकू आली, तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "बाबा! तुम्ही बसवलात?"

"काय करणार. तुझा तो हलका डबा," काका म्हणाले, पण आवाज लाडाचा होता.

तिनं बटण दाबलं. पंखा पाव फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग एक वास आला, चिमूटभरच, पण काकांनी तो तीस वर्षं घेतलेला होता. ठकूनं एकेक भाग सोडवून पाहिला. दोन्ही डिस्क काढल्या की कॉम्प्युटर चालू होई. कुठलीही एक लावली की बंद. जुन्या डब्यावर लावून पाहिल्या, तिथंही तेच. दोन्ही गेल्या होत्या.

ती फरशीवर बसली. "डब्यानंच मारल्या. आणि डबा मीच निवडला."

"मी म्हणत होतो," काका म्हणाले. तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण ते तीनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा म्हणायची काही गरज नव्हती.

बुधवारी ठकू डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्यांना फोन करत बसली. कोणी तीन आठवडे सांगे, कोणी महिना. काका डबा, त्याचं खोकं आणि वेणी सोडवून काढलेली ती वायर पिशवीत घालून दुकानात भांडायला गेले. मागच्या बाजूला दुरुस्तीचं टेबल होतं, तिथं चाळिशीचा एक शांत, जाड भिंगांचा माणूस बसायचा. काकांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. डबा यंत्राला लावून मोजला. मग खोक्यात हात घातला आणि बंद पिशवी बाहेर काढली.

"काका, ही फोडलीच नाहीत?"

"गरज नव्हती. जुनी वायर होती, उत्तम बांधलेली. प्लग तोच."

त्या माणसानं चष्मा वर सरकवला. "प्लग तोच. पण डब्याकडच्या टोकाला कुठल्या पिनेत किती व्होल्ट द्यायचे, ते प्रत्येक कंपनी आपल्या मनानं ठरवते. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं, डब्याकडचं नाही. डिस्कला जिथं पाच व्होल्ट जायला हवे होते, तिथं तुमच्या वायरीनं बारा दिले. डबा ठणठणीत आहे. निवडणाऱ्यानं चांगला निवडलाय."

काकांनी मल्टीमीटर मागून घेतला आणि स्वतः मोजलं. दोनदा मोजलं. मीटर काही त्यांची भीड धरणारा नव्हता.

"घाबरू नका," तो म्हणाला. "डिस्कच्या सर्किटवर प्लगाजवळ एक बारीक भाग असतो. जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. बऱ्याचदा तेवढाच गेलेला असतो. तो नुसता उचलून टाकला की डिस्क फिरते, निदान मजकूर उतरवून घेण्यापुरती. सोल्डरिंग येतं ना तुम्हाला? दहा मिनिटांचं काम आहे. नाहीतर आत्ता आणा, मी करून देतो."

म्हणजे बुधवारी दुपारी साडेबारा वाजता व्होल्टकाकांना सगळं कळलं होतं. काय चुकलं, कोणाचं चुकलं आणि ते दुरुस्त कसं करायचं. शुक्रवार अजून लांब होता. हे इथं सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे काकांनी स्वतःची समजूत घालताना वेळेचा बराच घोळ केला.

डबा दुकानातच विसरून, वायर तेवढी खिशात घालून घरी येताना ते वाक्य जुळवत आले. माझ्या हातून वायर चुकली. नाही, असं नको. जुनी वायर राहिली. हेही नको. शेवटी पहिलंच वाक्य पक्कं करून त्यांनी दार ढकललं. ठकू समोरच उभी होती. डोळे सुजलेले.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलायला लागली. "तुम्ही सांगत होतात बाबा. मी ऐकलं नाही. तीन दिवस वाचलं म्हणजे तीस वर्षांएवढं कळलं, असं वाटलं मला." आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. शाळकरी वय सरल्यापासून तिनं असं केलं नव्हतं. काकांना तिच्या केसांचा वास आला. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"मान्य केलं त्यांनी," काका म्हणाले. "डबाच खराब निघाला. ठेवून घेतला."

खोटं बोलायला किती थोडा वेळ लागतो, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

गुरुवारी ठकू जुन्या ईमेलांतून सापडतील ते तुकडे गोळा करत बसली. इकडची भिंत, तिकडचा जिना. दोन्ही डिस्क टेबलाच्या कडेला पडलेल्या होत्या, हात लांब केला तर लागतील अशा. काका चार वेळा त्या टेबलाशी गेले. एकदा तर डिस्क उचललीही.

"काय बाबा?"

"काही नाही. पुसून ठेवतो. धूळ बसलीय."

डिस्क फिरली तर ती विचारणार, तो भाग जळलाच का? ती वाचणार. वाचायला बसली की अर्ध्या तासात वायरीपर्यंत पोचणार. मग खांद्यावर टेकलेलं ते डोकं पुन्हा उचललं जाणार, आणि "तुमच्या वेळी" हे वाक्य ती या खेपेला पुरं करणार. काकांना हे कारण पुरेसं वाटलं. पण याच्या खाली आणखी एक कारण होतं, त्याच्याकडे ते सरळ बघत नव्हते. शुक्रवार हुकला तर पोर पुन्हा नोकरीला लागेल. ठरलेल्या तारखेला पगार येईल. तिच्या भल्याचंच आहे, असं ते स्वतःला म्हणाले. बाप असला विचार करू शकतो, आणि वर त्याला माया म्हणू शकतो.

शुक्रवारी साडेनऊला ठकूनं आर्किटेक्टला फोन केला. दाराआड उभ्या असलेल्या काकांना तिची बाजू तेवढी ऐकू आली. "नाही सर... हो सर... माझीच चूक आहे सर." फोन ठेवून ती न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ आत राहिली. बायकोनं काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "होतं असं. तिला वेळ दे." दुपारी जुन्या ऑफिसातल्या सरांचा फोन आला. आर्किटेक्टकडून त्यांना सगळं कळलं होतं. म्हणाले, सोमवारपासून ये.

सोमवारी ठकू गेली. बायको भाजी आणायला बाहेर पडली. काकांनी सोल्डरिंग आयर्न तापवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्या डिस्कवरचा तांदळाच्या दाण्याएवढा तो काळा भाग उचलला. कॉम्प्युटरला जुनाच डबा होता, त्याला जुनी वायर लावली, बटण दाबलं. डिस्क गुणगुणायला लागली. दुसरीही फिरली. दहा नाही, आठच मिनिटं लागली. काकांना आनंद झाला, कारागिराला होतो तसाच, पोटातून. मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं, आणि ते खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

ठकू आली तेव्हा तिच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं. काकांनी पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर शाळेचं दार होतं.

ती तशीच उभी राहिली. मग पुढे होऊन तिनं माउस हलवला. दार उघडलं. व्हरांडा आला, त्यात तिरकं ऊन, मग जिना, मग वर्गाची रांग, शेवटी वाचनालयाची मोठी खिडकी. सगळं होतं. एक पायरीसुद्धा गेली नव्हती. तिनं "आई, आई" करून आईला बोलावलं आणि काकांना घट्ट मिठी मारली.

"बाबा, ते तीन आठवडे मागत होते! तुम्ही घरात बसून केलंत! कसं सुचलं?"

"एक भाग जळला होता," काका म्हणाले.

"त्या डब्यानं," ठकू म्हणाली. तिनं वाचायला काही घेतलं नाही, काही शोधलं नाही. आता तिला कशाचीच घाई नव्हती. "हे चार दिवस आधी सुचलं असतं ना..." ती म्हणाली, आणि लगेच त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्हाला नाही म्हणत हं. तुम्हाला तरी काय माहीत."

"नाही ना," काका म्हणाले. "सुचलंच नाही गं."

बायको डोळे पुसत आत गेली. ठकू खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

"शाळेचं काम सरांनाच मिळालंय, सांगायचं राहिलं. त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. आता नको. हे आयतं आहे, उद्या नेऊन देते. खूश होतील."

तिनं वाचनालयाच्या खिडकीपाशी चित्र थांबवलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचं नाव होतं. ऑफिसातून जाणाऱ्या कामावर सरांचंच नाव लागतं, तिनं सांगितलं, तशी पद्धतच आहे. एकेक अक्षर मागून पुढे पुसत तिनं ते नाव काढलं, त्या जागी सरांचं लिहिलं आणि थोडं डावीकडे सरकवलं.

"बाबा, तुमची नजर चांगली आहे. सरळ आलंय का बघा बरं."

काका तिच्या खुर्चीमागे येऊन वाकले. नीट पाहिलं.

"आलंय," ते म्हणाले.